मलम थांबवलं की पुरळ परत: चुकतंय नेमकं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. मुलगी १७ महिन्यांची. आईबाबा दोघंही नोकरीवर, त्यामुळे दिवसभर पाळणाघर. गेल्या ५ महिन्यांत चौथ्यांदा जांघेत आणि शूच्या जागी लालभडक पुरळ, कडेने बारीक पुटकुळ्या. पहिल्या वेळी मेडिकलवाल्याने एक मलम दिलं, दोन दिवसांत लाली उतरली, म्हणून मग दर वेळी तेच. थांबवलं की आठ-दहा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. मधल्या काळात सर्दी आणि कानदुखीसाठी दोनदा अँटिबायोटिक झालं. सासूबाई म्हणतात डायपर बंद कर. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "हिची प्रतिकारशक्ती कमी आहे का?"

मी कोकणात २३ वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय. पावसाळ्याचे चार महिने असं एखादं बाळ समोर आलं नाही असा दिवस क्वचित जातो. तेव्हा माझा अंदाज आधीच सांगून टाकते. तुम्ही चार वेळा पुरळ आली म्हणताय. मला वाटतं ती एकदाच आली आणि ५ महिने मुक्कामाला आहे. मलमाने ती दबते, दिसेनाशी होते, आपण हात आखडता घेतो आणि ती पुन्हा डोकं वर काढते. ‘परत का येते’ हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. खरा प्रश्न ‘पूर्ण जात का नाही’ असा आहे.

मुलीला न बघता लिहितेय, हे लक्षात असू द्या. कातडीचा आजार डोळ्यांनी बघायचा आणि बोटांनी चाचपायचा असतो, वर्णनावरून फक्त दिशा कळते. त्या मलमाच्या ट्यूबवर काय छापलंय यावरही पुढचं बरंच अवलंबून आहे.

पुरळ कुठे आहे ते आधी नीट बघा. साधी डायपरची पुरळ ही ओल, घासणं आणि शी-शू यांनी होणारी जळजळ असते. ती जिथे डायपर कातडीला टेकतो तिथे येते: कुल्ल्यांचा फुगीर भाग, ओटीपोट, मांडीची आतली बाजू. जांघेची घडी उघडून पाहिलीत तर आत कातडी बरी असते. यीस्टचं, म्हणजे कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं, नेमकं उलट. तिला घडी आवडते, कारण तिथे ऊब आणि ओल दोन्ही. घडीत गडद लाल, जवळजवळ कच्च्या मांसासारखी दिसणारी कातडी, आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर थोडं अंतर सोडून बारीक लाल दाणे किंवा पुटकुळ्या. तुम्ही लिहिलेल्या ‘कडेने बारीक पुटकुळ्या’ याच असाव्यात. शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दहा मिनिटांचं काम असतं आणि बाळाला दुखत नाही.

बहुतेक वेळा सुरुवात साध्या पुरळीने होते आणि बुरशी मागून येते. ओल्या कातडीचा वरचा थर फुगतो, जसं बराच वेळ धुणं धुतल्यावर आपल्या बोटांचं होतं. फुगलेली कातडी घासली की लगेच सोलवटते. त्यात शी आणि शू एकत्र आली की शीमधले जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्याने तिथला आम्लपणा कमी होतो, आणि मग शीमध्येच असलेले पाचक रस जोर धरून कातडी खाऊ लागतात. अशी उघडी पडलेली जागा तीन दिवसांहून जास्त राहिली की तिथे बुरशी रुजलेली असण्याची शक्यता बरीच असते. ती बाहेरून आणायला लागत नाही, बाळाच्या आतड्यात ती आधीपासून थोडीफार असतेच.

आता त्या मलमाबद्दल. इथे जरा थांबून बोलणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या गोष्टीतला खलनायक तिथेच आहे.

आपल्याकडे मेडिकलमध्ये ‘खाजेचं मलम’ मागितलं की बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब हातात पडते: एक बुरशीवरचं, एकदोन जंतूंवरची आणि एक स्टेरॉइड. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसतंय का पाहा. क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांमधलं सर्वांत जहाल. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी विकली जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

स्टेरॉइड लाली आणि खाज झपाट्याने उतरवतं, म्हणून ‘दोन दिवसांत फरक’. पण लाली ही कातडीची लढाई असते. ती थांबवली की बुरशीला रान मोकळं. ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध असतं खरं, पण ते आठवडा-दोन आठवडे लावावं लागतं, आणि आपण तिसऱ्या दिवशी कातडी गोरी दिसली की थांबतो. त्यात बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ मोठं, आणि वरून डायपरचं झाकण. मलम लावून प्लास्टिक गुंडाळावं तसं ते औषध आत शोषलं जातं. महिनोन्‌महिने वापरलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, आतल्या शिरा दिसू लागतात, कधी कुल्ल्यांवर जांभळट गाठी येतात.

एक बाळ मला विसरता येत नाही. दहा महिन्यांचा मुलगा, लसीसाठी आणला होता. गाल असे भरलेले की माझ्या नर्सने कौतुकाने चिमटा काढला. आजी म्हणाली, “बघा, कसं बाळसं धरलंय!” पण हातपाय त्या मानाने बारीक, कपाळावर लव वाढलेली, आणि तीन महिन्यांत उंची जेमतेम वाढलेली. डायपर काढून विचारलं तेव्हा कळलं, चार महिने रोज दोनदा क्लोबेटासोलचं मलम. तो गुटगुटीतपणा औषधाचा होता. त्याला पूर्ववत व्हायला बरेच महिने लागले.

तुमच्या मुलीचं तसं झालंय असं मी म्हणत नाहीये. अधूनमधून दोन-तीन दिवस लावलेल्या मलमाने सहसा एवढं होत नाही. पण ट्यूबवर वरच्यापैकी नाव असेल आणि एकूण वापर आठवड्यांच्या हिशेबात जात असेल, तर ते आपणहून एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करून बसलेलं असेल तर अचानक थांबवणं त्रासाचं ठरू शकतं. वापर मोजकाच झाला असेल तर मात्र ट्यूब आजच बाजूला ठेवा. पहिले काही दिवस लाली जास्त दिसेल. तो झाकण काढल्याचा परिणाम असतो. घाबरून पुन्हा तिकडे वळू नका. कधी खूपच जळजळ असेल तर आम्हीही स्टेरॉइड देतो, पण ते १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, अगदी पातळ थर, तीन-चार दिवस, आणि सोबत बुरशीचं औषध चालू ठेवून.

मग लावायचं काय? क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के, नुसतं, सोबत दुसरं काहीही मिसळलेलं नसलेलं. मेडिकलमध्ये मागताना ‘प्लेन’ असं ठासून सांगा आणि ट्यूब तिथेच उलटून वाचा. दिवसातून दोनदा, पातळ, घडीच्या आत आणि पुरळीच्या कडेबाहेर बोटभर. साधारण दोन आठवडे. कातडी अगदी पूर्वीसारखी दिसल्यावरही आणखी तीन-चार दिवस. हे शेवटचे तीन-चार दिवस जवळपास सगळेच खातात, आणि ‘परत आली’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचं उत्तर तिथेच सापडतं. मी तर हल्ली चिठ्ठीवर औषध थांबवायची तारीखच लिहून देते.

त्यावर, म्हणजे बुरशीचं औषध कातडीत मुरल्यावर, झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम. हे प्रत्येक डायपर बदलताना. आणि इथे काटकसर नको. ताज्या भाकरीवर लोणी थापतो तसा थर हवा, खालची कातडी दिसता कामा नये. पुढच्या वेळी तो थर घासून काढायचा नाही. शी लागलेला वरचा भाग फक्त पुसून घ्या आणि वर नवीन थापा. रोज आंघोळीआधी एकदा पूर्ण काढायचा असेल तर कापसावर थोडं खोबरेल घेऊन काढा, पाण्याने तो निघत नाही आणि मग आपण रगडत बसतो.

धुण्याबद्दल आपल्या घरांना शाबासकी द्यायला हवी. नळाखाली धरून धुवायची आपली पद्धत पुसणीपेक्षा (वेट वाइप्सपेक्षा) चांगली. पण मग आपण एक चूक करतो: धुतलं की तसंच ओल्या अंगावर डायपर चढवतो. बाळ वळवळत असतं, वेळ नसतो, सगळं मान्य. तरीही मऊ सुती कापडाने टिपून घ्या, जांघेची घडी बोटांनी उघडून टिपा, आणि शक्य तेव्हा १०-१५ मिनिटं उघडं राहू द्या. जमिनीवर जुनी चादर टाकून खेळू दे. शू झाली तर पुसता येते. साबण प्रत्येक शीला नको, दिवसातून एकदा पुरे, आणि तोही सुगंध नसलेला, सौम्य.

शिवाय कमरेचा करगोटा तपासा. काळा दोरा दिवसभर ओला राहतो आणि डायपरच्या कडेखाली घासतो. कमरेभोवती ओळीने पुरळ असेल तर कारण तेच. श्रद्धा असेल तर बरं होईपर्यंत तो काढून देवाजवळ ठेवा. आजवर एकाही आजीने याला नकार दिलेला नाही.

सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते. त्यांचं अर्धं बरोबर आहे. उघडं राहणं हे औषधच आहे, आणि घरी असताना दुपारी लंगोट किंवा नुसती सुती चड्डी वापरलीत तर उत्तमच. पण लंगोट ओला झाल्या क्षणी बदलावा लागतो. चांगला डायपर आतल्या जेलमध्ये लघवी ओढून धरतो आणि कातडी लंगोटापेक्षा कोरडी ठेवतो. ओला लंगोट आणि वर प्लास्टिकची चड्डी, हा सगळ्यांत वाईट प्रकार. रात्री आणि पाळणाघरात डायपर राहू द्या, फक्त एक माप मोठा घ्या म्हणजे घासणार नाही. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, दमट राहतात. तुमच्या ठाण्यातही जुलैमध्ये वेगळी परिस्थिती नसणार. दोन पाण्यांतून खळबळून, वाळत घालून, शेवटी गरम इस्त्री फिरवा. कपडे धुताना जंतुनाशकाचं झाकण टाकायची सवय अनेक घरांत असते. तो अंश कापडात राहतो आणि कातडीला जाळतो. ती बंद करा.

घरगुती उपायांवर मला नेहमी विचारलं जातं. खोबरेल तेल साध्या, कोरड्या कातडीवर चालतं, पण बुरशी असताना त्याच्या भरवशावर राहू नका. हळद आणि बेसन सोलवटलेल्या कातडीवर नको, आग होते. टाल्कम पावडर तर नकोच. घामात तिच्या गोळ्या होऊन घडीत घासतात आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासात जाते. जुन्या घरांत बोरिक पावडर वापरायचे. ती तुटलेल्या कातडीतून अंगात भिनते आणि त्यातून बाळांना विषबाधा झालेल्या आहेत, घरात डबी असेल तर टाकून द्या. जांभळ्या औषधाचंही आता काम उरलेलं नाही.

एवढं सगळं करूनही बुरशीला खतपाणी कुठून मिळतंय हे शोधावं लागतं. तुमच्या बाबतीत मला दोन जागा दिसतात.

पहिली, अँटिबायोटिक. ५ महिन्यांत दोनदा. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मरतात, बुरशीला जागा मिळते, वर शी पातळ होते. कॅलेंडर घेऊन बसा आणि प्रत्येक पुरळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय झालं ते लिहा. अँटिबायोटिक, जुलाब, नवीन पुसणी, डायपरचा बदललेला ब्रँड, लांबचा प्रवास. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हे करायला लावते, आणि अर्ध्या वेळा उत्तर त्यांनाच सापडतं. कानाला खरंच गरज असेल तर अँटिबायोटिक द्यावंच लागतं. पण साध्या सर्दी-खोकल्याला ते लागत नाही, तेव्हा ‘हे आवश्यक आहे का?’ असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. आणि पुढच्या वेळी अँटिबायोटिक सुरू झालं की पहिल्या दिवसापासून झिंकचा जाड थर सुरू करा, पुरळ यायची वाट बघू नका. जुलाब झाले तर ओआरएस आणि १४ दिवस पोटातून झिंकचं औषध, हे नेहमीचंच. मोसंबीचा रस ताकदीसाठी म्हणून वाटीवाटीने पाजत असाल तर आवरा. या वयात दिवसाला १२० मिलीच्या वर रस नको, न दिलात तर आणखी बरं. फळ खायला द्या.

दुसरी जागा, पाळणाघर. मी तिथल्या बायकांना दोष देत नाही, एकेकीकडे सहा-सात मुलं असतात. पण सकाळी ९ ला घातलेला डायपर दुपारी २ ला निघत असेल तर घरी कितीही मलम थापलं तरी उपयोग नाही. ‘वेळेवर बदला’ असं सांगून काही होत नाही. दिवसाचे चार डायपर मोजून पिशवीत द्या, प्रत्येकावर वेळ लिहा, आणि संध्याकाळी किती उरले ते बघा. शी झाली की लगेच, नाहीतर दर अडीच-तीन तासांनी. झिंकची छोटी डबी तिथेच ठेवा.

तोंडही तपासा. जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखे पांढरे डाग असतील आणि पुसून निघत नसतील, तर बुरशी तोंडातही आहे आणि गिळून खाली पोचतेय. मग तोंडाचं औषध वेगळं लागतं. अजून अंगावर पाजत असाल आणि स्तनाग्रांना आग होत असेल तर तुमचेही उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर आईकडून लेकीला आणि लेकीकडून आईला असं चालू राहतं.

आता एक माझी चूक. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अडीच वर्षांच्या मुलाला मी महिनाभर बुरशीचं मलम देत राहिले. शीच्या जागेभोवती लालबुंद, कंपासने काढल्यासारखं वर्तुळ, आणि मूल शी करायला घाबरायचं. पुटकुळ्या नव्हत्या, जांघ साफ होती. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. ते स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचं इन्फेक्शन निघालं. त्याला पोटातून अँटिबायोटिक लागतं, मलमाने ते हलत नाही. तेव्हापासून दोन आठवडे नीट उपचार करून फरक पडला नाही की मी औषध बदलण्याआधी निदान बदलून बघते. सोरायसिस, म्हणजे कातडीचा एक जुनाट आजार, घडीत येतो आणि बुरशीसारखाच दिसतो. पुसणीतल्या रसायनाची अ‍ॅलर्जी असू शकते. रात्री ढुंगण खाजवत झोपमोड होत असेल तर जंत. तोंडाभोवती, बोटांवर आणि खाली एकाच वेळी पुरळ, केस विरळ, सतत जुलाब, असं असेल तर झिंकची कमतरता. आणि डायपर सुटल्यानंतर मोठ्या मुलीला तिथे लाली आणि खाज आली तर तिला यीस्ट समजून मलम आणू नका. वयात येण्याआधी, डायपर नसताना, यीस्ट क्वचितच होतं. कारण बहुतेक वेळा साबण, घट्ट चड्डी किंवा नीट न पुसणं हे असतं.

राहिला प्रतिकारशक्तीचा प्रश्न. तुमची मुलगी वजनाने नीट वाढतेय, खेळतेय, आणि पुरळ सोडून बाकी ठणठणीत आहे असं तुम्ही लिहिलंय. अशा मुलीत मी प्रतिकारशक्तीच्या तपासण्या करत नाही. मी कधी करते ते सांगते: वारंवार न्यूमोनिया किंवा मोठी इन्फेक्शनं, वर्ष उलटल्यावरही तोंडात बुरशी, वजन न वाढणं. आणि एक गोष्ट मात्र मी प्रत्येक आईला आवर्जून विचारते. मूल अचानक खूप पाणी मागतंय का, डायपर आधीपेक्षा फार जड होतोय का, वजन उतरतंय का, टाकलेल्या डायपरला मुंग्या लागतायत का? यांतल्या एकालाही ‘हो’ असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. छोट्या मुलांमधला मधुमेह कधीकधी न जाणाऱ्या पुरळीतूनच पहिल्यांदा दिसतो, आणि तिथे एक दिवसही थांबू नये.

ताप, पाण्याने किंवा पूने भरलेले फोड, मधासारखी पिवळी खपली, रक्त येणारी जखम, डोक्यावर आणि अंगावर जांभळट बारीक ठिपके, यांपैकी काही दिसलं तरीही घरी उपाय करत बसू नका.

एरवी वर सांगितलेलं दोन आठवडे करा. पहिल्या चार-पाच दिवसांत कडेचे दाणे कमी व्हायला लागले पाहिजेत. घडीतली लाली सगळ्यांत शेवटी जाते. आठवडाभरात काहीच हललं नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. रिकाम्या असल्या तरी. ‘पांढरी ट्यूब, निळं झाकण’ एवढ्यावरून आम्हाला काही ओळखता येत नाही.